बाहुलीचे दात

सलग पाचवा शनिवार पावसात गेला आणि घरातल्या बाईला घराचाच वीट आला. पावसाशी तिचं काही वाकडं नव्हतं, तो बिचारा बाहेर पडत होता. तिला वीट आला होता तो पावसामुळे घरात जे काही चालायचं त्याचा. पंख्याखाली टांगलेले आणि वाळायचं नाव न घेणारे मोजे, त्यांचा आंबूस वास, जेवणाच्या टेबलावर सांडलेला डिंक, डिंकात चिकटलेले पत्ते, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे फ्रिजवर लावलेलं वेळापत्रक. शनिवार सकाळ, कागदाच्या होड्या. शनिवार दुपार, चादरींचा तंबू. रविवार सकाळ, डोळे बांधून वास ओळखा. नवऱ्याने ते रंगीत पेनांनी लिहिलं होतं आणि वर ठळक मथळा दिला होता, 'मजाच मजा'. ते दोन शब्द वाचले की तिच्या कपाळात तिडीक उठायची.

बाई नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात तपासनीस होती. आठवड्याचे पाच दिवस टॉर्च घेऊन शहरातल्या खानावळींच्या स्वयंपाकघरांत शिरायची. ओट्यामागची फट, मोरीची जाळी, फ्रिजच्या रबराखालची काळी बुरशी, सगळीकडे उजेड पाडायची आणि शंभरापैकी गुण द्यायची. भल्याभल्या आचाऱ्यांना तिने साठाच्या वर जाऊ दिलं नव्हतं. नवरा लाडात आला की तिला 'झुरळबाई' म्हणायचा. लाडात नसतानाही म्हणायचा.

नवरा कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या जबड्याचं माप पाठवत, तो त्यावरून प्लास्टरचा साचा ओतून त्यावर गुलाबी हिरड्या आणि पांढरे दात बसवून देई. घराची मागची खोली हाच त्याचा कारखाना. भिंतीला लागून फळ्या, फळ्यांवर रांगेने साचे, प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर. गल्ली त्याला दातवाला म्हणायची आणि वर म्हणायची की माणूस फार हसतमुख. हसतमुख माणसांशी संसार ज्याने केलाय त्यालाच ठाऊक, की त्यांच्यावर रागावताही येत नाही आणि त्यांच्याकडून वेळेवर काही करूनही घेता येत नाही.

घरात मुलं दोन. थोरली अकरा वर्षांची, धाकटा सात. आणि हिवाळ्यापासून पाचवं माणूस आलं होतं, बाईचे वडील.

तिची आई गेली आणि बाबा एकटे पडले, तेव्हा ती स्वतः जाऊन त्यांना घेऊन आली होती. ते आले, पण एक अट घालून. पावसाळा संपेपर्यंत बघू, म्हणाले. त्यांची धाकटी बहीण खाडीपलीकडे राहायची, तिनेही त्यांना बोलावलं होतं. कुठे कायमचं राहायचं ते या महिनाअखेर बहिणीला कळवायचं होतं. बाबांची बॅग पलंगाखाली होती आणि अजून निम्मी भरलेलीच होती. बाई रोज केर काढताना ती बॅग सरकवायची आणि हाताला वजन लागलं की तिचा जीव खाली-वर व्हायचा. बाबांनी इथेच राहावं, ही एकच गोष्ट तिला या वर्षात मनापासून हवी होती. आईच्या शेवटच्या दिवसांत ती कुठल्याशा हॉटेलचा ओटा तपासत होती, हे तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

बाबा एकतीस वर्षं फेरीबोटींच्या धक्क्यावर घोषणा करायचे. कुठली बोट कधी सुटणार, कुठल्या जेटीला लागणार, सामान कुठे ठेवायचं. आवाज असा खणखणीत की धक्क्यावरचे लोक त्यांना प्रेमाने 'भोंगा' म्हणत. लहानपणी तिला शाळेच्या पटांगणात वाऱ्यावरून त्यांचा आवाज ऐकू यायचा आणि ती मैत्रिणींना मोठ्या तोऱ्यात सांगायची, माझे बाबा बोलतायत.

तो आवाज आता राहिला नव्हता. आई गेल्यावर बाबा वाळले, हिरड्या आक्रसल्या, जुनी कवळी सैल झाली. 'स'चा 'श' व्हायला लागला आणि शब्दामागून शीळ निघायला लागली. ते आले त्याच आठवड्यात जावयाने मोठ्या उत्साहाने त्यांच्या जबड्याचं माप घेतलं, साचा ओतला, मेणात दात मांडले. म्हणाला, बाबा, दहा दिवसांत नवी कवळी, मग चणे फोडा. साच्यावर नंबर घालायच्या ऐवजी त्याने पेन्सिलीने लिहिलं, 'घरचे'. आणि घरचं म्हटल्यावर तो साचा रांगेत शेवटी गेला. डॉक्टरांचं काम यायचं, ते निघायचं. घरचं राहायचं. बाबांनी एकदा विचारलं, दोनदा विचारलं. पुढच्या आठवड्यात नक्की, जावई हसून म्हणायचा. तिसऱ्यांदा बाबांनी विचारलं नाही. सात महिने उलटले.

आता तिच्या बाजूचंही सांगायला हवं. बाबा जेवताना मधेच कवळी काढायचे आणि ताटाच्या कडेला ठेवायचे. ओली, अन्न लागलेली, दिव्याखाली चकचकणारी. मग पाव चहात भिजवून नुसत्या हिरड्यांनी चघळायचे आणि तो चपचप आवाज टेबलभर व्हायचा. मुलं एकमेकांना कोपरखळ्या मारायची. तिला मात्र शिसारी यायची. दिवसभर दुसऱ्यांच्या मोऱ्यांत डोकावून आलेली ती बाई, घरच्या टेबलावरही तेच बघायचं तर तिचा घास घशाखाली उतरेना. शेवटी एके दिवशी तिने अगदी गोड आवाजात सुचवलं, बाबा, तुम्हाला भूक लवकर लागते, तर तुम्ही आमच्या आधी अर्धा तास जेवून घेत जाल का. बाबा म्हणाले, बरं. तेव्हापासून ते एकटे जेवायचे. त्यांच्यासाठी तिने निळ्या काठाचं एक ताट वेगळं काढलं होतं. ते ती दोन बोटांनी उचलायची, वेगळं घासायची आणि बाकीच्या भांड्यांत न ठेवता खिडकीत पालथं घालायची.

याला तिने स्वच्छता असं नाव दिलं होतं.

त्या पाचव्या शनिवारी नवरा मुलांना घेऊन कारखान्यात शिरला आणि दार लावून घेतलं. आतून खुसखुस, करवतीची खरखर, मग हसण्याचा स्फोट. दाराच्या फटीतून उग्र रसायनाचा वास यायला लागला, तो उद्या जेवणालाही येणार हे तिला आत्ताच कळलं. काय चाललंय म्हणून तिने विचारलं तर थोरली दार किलकिलं करून म्हणाली की गुपित आहे, उद्या दुपारी बाहुल्यांचा खेळ आहे आणि आजोबा प्रमुख पाहुणे आहेत. बाबा खिडकीशी बसून पावसाकडे बघत होते. प्रमुख पाहुणे म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि जरा हसले, तोंड मिटूनच.

रविवारी दुपारी दोन खोल्यांमधल्या दारात चादर ताणली गेली. पुढे खुर्च्या मांडल्या, मधली बाबांना. शेजारी ती बसली, कारण बसलं नसतं तर 'तुला कशातच मजा वाटत नाही' हे संध्याकाळभर ऐकावं लागलं असतं. चादरीच्या वरून आधी एक मोजा आला. तो झुरळ होता. त्याच्या मागून रबरी हातमोज्याची एक बाई आली, टॉर्च घेऊन. ती झुरळाला म्हणाली, तुला शंभरापैकी एकोणचाळीस. खुर्चीतल्या बाईला हसू आलं नाही, पण तिने ओठ रुंद केले. बाबा मात्र हसले.

मग तिसरी बाहुली आली.

डोकं कापडाचं, चिंध्या भरून शिवलेलं, वर कापसाचे पांढरे केस, नाकावर तारेचा चष्मा. आणि तोंडात खरे दात. वरचे-खालचे, दोन्ही गुलाबी हिरड्यांसकट, बिजागरीवर बसवलेले, आतून बोटाने दाबलं की उघडझाप करणारे. ती चकचकीत हिरडी, कापडाच्या चेहऱ्यात ते जिवंत माणसाचं तोंड, बघून तिने खुर्ची जरा मागे सरकवली. चादरीमागून नवऱ्याचा आवाज आला, नाकातून काढलेला, शीळ घालणारा.

"शर्व प्रवाशांना शूचना. शाडेशातची बोट शुटत आहे."

दात कटाकट वाजले. मुलं चादरीमागे फिदीफिदी हसायला लागली. बाहुलीने पुढे चहा मागितला, पाव मागितला, पाव बुडवून बुडवून चपचप खाल्ला. आणि मग धाकट्याचा हात वर आला, हातात खेळण्यातलं ताट. बाहुली खोकली, वाकली, आणि थूः करून खालचे दात त्या ताटात पाडले.

आणि बाई हसली.

ती कशी हसली ते तिला पुढे कित्येक दिवस विसरता आलं नाही. मोठ्याने, खळखळून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पाच आठवड्यांत त्या घरात ती पहिल्यांदा मनापासून हसत होती. चादरीमागून नवरा खुशीत ओरडला की झुरळबाई हसल्या, नोंद करा. ती डोळे पुसत शेजारी वळली, तर खुर्ची रिकामी होती.

बाबा उठून चादरीपाशी गेले होते. त्यांनी हात पुढे केला आणि म्हातारं माणूस लहान मुलाच्या हातातून काच घेतं तशी ती बाहुली जावयाच्या हातातून अलगद काढून घेतली. धाकट्याच्या ताटातले खालचे दात उचलले. बाहुलीच्या तोंडात अंगठा घालून वरचे दात बिजागरीपासून सोडवले. ते नुसते मेणाने चिकटवलेले होते, लगेच निघाले. मग ते मोरीशी गेले, नळ सोडला, नखाने मेण खरवडलं आणि दोन्ही भाग पाण्याखाली नीट धुतले. स्वतःची जुनी कवळी काढून त्यांनी खिशातल्या रुमालात गुंडाळली. आणि बाहुलीचे दात तोंडात घातले.

"ई," धाकटा म्हणाला.

बाबांनी जबडा एकदा मिटला, एकदा उघडला. जिभेने आतून सगळीकडे चाचपून बघितलं. चेहरा बदलला. इतके दिवस आत गेलेले गाल भरले आणि तिच्यासमोर अचानक तिच्या लहानपणीचा माणूस उभा राहिला. दात चपखल बसले होते. का नाही बसणार, त्यांच्याच मापाचे होते. फळीवरच्या 'घरचे' लिहिलेल्या साच्यावरून ते पूर्ण केले होते, घासूनपुसून चकचकीत केले होते. हातचं राखून काम करणं दातवाल्याला जमतच नसे, मग ते बाहुलीचं का असेना.

बाबांनी घसा खाकरला आणि हात पाठीमागे बांधले.

"सर्व प्रवाशांना सूचना," ते म्हणाले. आवाज खोलीत मावत नव्हता. "सोमवारी सकाळी साडेसातची बोट वेळेवर सुटेल. आतल्या खोलीतल्या प्रवाशाने आपलं सामान सोबत ठेवलेलं आहे. त्याच्यासाठी कुणी थांबू नये."

एकही 'स' घसरला नाही. शीळ नाही, काही नाही. मुलांना वाटलं हा खेळाचाच भाग, त्यांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्यानेही चादरीवरून डोकं काढून 'वा' म्हटलं. आणि खरी शरमेची गोष्ट ही, की तो आवाज ऐकून एक क्षणभर तिलाही नुसता आनंद झाला. माझे बाबा बोलतायत. शब्दांचा अर्थ मागाहून पोचला, तोवर बाबा आपल्या खोलीत गेले होते.

नवऱ्याचा चेहरा मग पडला. तो म्हणाला की गंमत होती, त्याला वाटलं बाबा हसतील. आणि शेवटी ते दात बाबांनाच तर द्यायचे होते.

"कधी?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"कधी द्यायचे होते?"

नवरा गोंधळला. खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून खरं सांगून बसला. "मुलांचा खेळ झाला की. पाऊस संपला की."

तिने नवऱ्याकडे बघितलं. तो वाईट माणूस नव्हता, त्याचीच तिला अधिक घाण वाटली. वाईट असता तर धारेवर धरता आलं असतं. सात महिने वेळ नसलेला हा माणूस शनिवार-रविवार बसून ते दात घासत होता, कारण फ्रिजवर तसं लिहिलं होतं. तिने आपली कामाची पिशवी उघडली, टॉर्च काढली आणि ती बाबांच्या खोलीत गेली.

बाबा पलंगावर बसले होते. बॅग पलंगाखालून बाहेर आली होती.

ती म्हणाली, "तोंड उघडा."

ते नाही म्हणाले, मग तिच्या हातातली टॉर्च बघून हसले, मग कवळी काढून त्यांनी तोंड उघडलं. तिने उजेड पाडला. डाव्या बाजूला खालच्या हिरडीवर खोल चीर होती, कडा पांढऱ्या पडलेल्या, मधे लाल. तिच्या शेजारी जुनी बरी झालेली एक. जिभेखाली आणखी एक. सैल कवळी हलून हलून रोज त्याच जागी कापत आली होती. म्हणून ते ती जेवताना काढत होते. घोळवत, चघळत, चपचपत होते ते म्हणून. शहरातल्या एकूण एक मोरीखाली तिने वाकून बघितलं होतं. इथे वाकायलाही लागलं नसतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

बाबांनी दात परत बसवले, कारण आता त्यांना नीट बोलायचं होतं. "तू मला आधी जेवून घ्या म्हणालीस ना, त्याच्याही आधीपासून."

"मला सांगायचंत."

"काय सांगणार? जावईबापूंच्या घरात राहून त्यांनाच म्हणू, तुमच्या कामाला उशीर होतोय? बाहेरच्या डॉक्टरकडे गेलो असतो तर त्यांचीच अब्रू गेली असती." त्यांनी बॅग जवळ ओढली. "आणि तुला किळस यायची. ते मला दिसायचं, पोरी. तू ताट उचलायचीस ना, तेव्हा."

खाली बसून तिने बॅगेवर हात ठेवला आणि म्हणाली की आता दात बसलेत, आता दुखणार नाही, आता सगळे एकत्र जेवू, तर आता राहा. एका दमात म्हणाली. म्हणताना तिचं तिलाच कळलं की ती काय बोलतेय. दात बसले म्हणून राहा.

"महिनाअखेर सांगायचं ठरलं होतं," बाबा म्हणाले. "माझं जायचं कधीचंच ठरलं होतं. पण फोनवर तुझ्या आत्याला माझं बोलणं कळत नव्हतं, आणि तुला ते तशा तोंडाने सांगायचं नव्हतं. नीट बोलता येईपर्यंत थांबलो होतो, एवढंच."

ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या रात्री तिने टेबलावर पाच ताटं मांडली. निळ्या काठाचं ताट तिने मुद्दाम फडताळात मागे लपवलं होतं, पण बाबांनी ते शोधून आणलं आणि आपल्या जागी ठेवलं. सगळ्यांबरोबर ते जेवले. हळूहळू, पण सगळं. जेवण झाल्यावर त्यांनी एक सफरचंद घेतलं आणि सालीसकट त्याचा लचका तोडला. तो आवाज टेबलभर ऐकू आला. कवळ्या बनवणाऱ्या माणसाला शेवटी राहवेना, त्याने खाली मान घालून विचारलं की कुठे लागतं का.

"नाही," बाबा म्हणाले. "काम उत्तम आहे."

धाकटा बाहुलीकडे बघत होता. ती सोफ्यावर पडली होती, तोंडाच्या जागी भोक. आता ही काय खाणार, त्याने विचारलं. थोरलीने त्याला टेबलाखालून पाय मारला.

तिच्या ताटात सगळं तसंच होतं. एक घास तिने तोंडात घातला होता, तो गिळवत नव्हता आणि टाकवतही नव्हता. इतकी वर्षं तिला दुसऱ्यांच्या घाणीचा वास यायचा, आज स्वतःच्या तोंडाला येत होता. बाबा उठले तसा तिने घाईने हात पुढे केला, त्यांचं ताट घ्यायला, सगळ्या ताटांबरोबर घासायला. बाबांनी ते दिलं नाही. ते स्वतः मोरीशी गेले, ताट घासलं, फडक्याने पुसलं. मांडणीवर बाकीच्या ताटांशेजारी भरपूर जागा होती.

त्यांनी ते नेहमीप्रमाणे खिडकीत नेलं आणि पालथं घातलं.